मलप्रभेच्या काठचे खानापूर : काय पाहावे आणि त्यामागचा इतिहास काय?

बदलीच्या निमित्ताने आपण नुकतेच बेळगावला आला आहात, खानापूर हे मलप्रभेच्या काठचे जुने गाव असल्याचे आपल्या कानावर आले आहे, आणि नदीकाठच्या या भागात पाहण्याजोगी ठिकाणे कोणती व त्यांच्यामागे कोणता इतिहास आहे, असे आपण विचारले आहे. मी याच तालुक्यात लहानाचा मोठा झालो. या विषयावर बोलायला मला मनापासून आवडते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. खानापूर गावात उतरून किल्ला, राजवाडा किंवा भव्य मंदिर शोधणाऱ्याच्या पदरी निराशाच येते. बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्तीसारखे १२०४ सालचे देखणे जैन मंदिर आहे; तसे काही खानापूरच्या बाजारपेठेत नाही. या गावाचे महत्त्व त्याच्या इमारतींपेक्षा त्याच्या जागेत आहे, आणि ती जागा नकाशावर नीट पाहिल्याखेरीज इथल्या एकाही स्थळाचा अर्थ पुरता लागत नाही, असे माझे ठाम मत आहे.

मलप्रभा सह्याद्रीच्या माथ्यावर, खानापूर तालुक्यातीलच कणकुंबी येथे उगम पावते. तिथून ती पूर्वेकडे वळते, खानापूर, एम. के. हुबळी, सौंदत्ती, रामदुर्ग असा प्रवास करीत बागलकोट जिल्ह्यात कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते; हा सारा प्रवास सुमारे ३०० किलोमीटरचा आहे. त्याच डोंगररांगेत, याच तालुक्याच्या जंगलात म्हादई उगम पावते, पण ती पश्चिमेकडे उतरून गोव्यात मांडवी होते आणि पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. म्हणजे एका शिवारात पडलेला पाऊस बंगालच्या उपसागराकडे निघतो आणि पलीकडच्या शिवारातला थेट गोव्याकडे. खानापूर तालुका हा असा पाणलोटाच्या धारेवर बसलेला आहे. घाटाखालचे कोकण आणि घाटावरचा सपाट मुलूख यांच्यामधला माल, माणसे, देव आणि सैन्ये शतकानुशतके याच धारेवरून इकडून तिकडे गेली. इथल्या देवळांचा, गडांचा आणि रेल्वेचाही इतिहास या एकाच गोष्टीत सामावलेला आहे.

आता गावापासून सुरुवात करू. बेळगावहून सुमारे २६ किलोमीटरवर गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर खानापूर लागते. गावाची घडण घाटमाथ्यावरच्या बाजारगावासारखी आहे. बाजारपेठ, शिवछत्रपतींच्या नावाचा चौक, त्याला येऊन मिळणाऱ्या गल्ल्या, ग्रामदेवता चौराशी देवीचे मंदिर, आणि गावाच्या अंगाने वाहणारी नदी. आजूबाजूच्या खेड्यांतील माणसे भात, काजू, भाजीपाला घेऊन बाजाराला येतात आणि दुपारनंतर परततात. गल्लीत, दुकानात, घरात मराठी, कचेरीतील कागदांवर आणि बसच्या पाट्यांवर कन्नड, असा इथला रोजचा व्यवहार आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा तेव्हाच्या मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, आणि सीमाप्रश्न इथल्या मराठी माणसाच्या आयुष्याचा भाग झाला. तो मोठा आणि वेगळा विषय आहे. इथे एवढेच लिहितो की खानापुरात आपल्याला मराठी बोलून कुठेही अडचण येणार नाही.

नदीघाट हे गावाचे खरे मध्यवर्ती ठिकाण. गणेश विसर्जन इथेच, देवांच्या पालख्यांची स्नाने इथेच, आणि दशक्रियेसारखे विधीही याच काठावर. उन्हाळ्यात पात्र आटून खडक उघडे पडतात, तर जुलैत हीच नदी लालसर गढूळ पाण्याने काठोकाठ भरून वाहते आणि सखल भागातल्या घरांना धास्ती लावते. काठाच्या देखभालीकडे जितके लक्ष जायला हवे तितके जात नाही, हे पाहून वाईट वाटते. विसर्जनानंतरचे निर्माल्य आणि प्लास्टिक कित्येक दिवस खडकांत अडकून राहते, आणि खाली सौंदत्तीपर्यंत कितीतरी गावे हेच पाणी पितात, याची आठवण कोणीतरी सतत करून द्यायला हवी.

या काठाची दुसरी ओळख मातीची आहे. खानापूर परिसरातल्या चिकणमातीला भट्टीत उत्तम लाल रंग येतो. इथली कुंभारकाम करणारी घराणी जुनी आहेत, आणि ग्रामीण कुंभारकलेचे प्रशिक्षण देणारी खादी व ग्रामोद्योग आयोगाची संस्थाही खानापुरातच आहे. माठ, रांजण, चुली, पणत्या यांच्याबरोबरच मंगळुरी पद्धतीची कौले आणि विटा यांचे कारखाने या भागात उभे राहिले. बेळगावच्या जुन्या गल्ल्यांतील उतरत्या छपरांकडे वर मान करून पाहिले तर ही लाल कौले अजून दिसतात. स्लॅबच्या घरांनी या धंद्याचा जोर ओसरला आहे. तरीही आपण एखाद्या कुंभाराच्या अंगणात थोडा वेळ थांबावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. चाकावरून उतरवलेला माठ आधी तळाशी जाड आणि उघडाच असतो. तो थोडा सुकला की कुंभार आतून एका हाताने गोल दगड धरतो आणि बाहेरून लाकडी थापटण्याने हलके ठोके देत देत त्याचे पोट फुगवतो व भिंत पातळ करत नेतो. ठोका जरा जोरात बसला तर तडा जातो आणि हलका पडला तर भिंत जाड राहून पाणी गार होत नाही. हे सारे तो बोलता बोलता, माठाकडे न पाहता करतो.

रेल्वेचा उल्लेख इथेच करतो, कारण घाटवाटेचा तो आधुनिक अवतार आहे. १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेने या भागात मार्ग टाकला आणि १८८८ मध्ये मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंतची पोर्तुगीज हद्दीतली रेल्वे सुरू झाली. खानापूर तालुक्यातले लोंढा हे त्यामुळे मोठे जंक्शन बनले. बैलांच्या तांड्यांनी घाट उतरणारा माल आगगाडीने उतरू लागला, आणि जंगलातल्या लाकडालाही दूरची गिऱ्हाइके मिळाली.

गावाजवळच मलप्रभेच्या काठी असोगा आहे. रामलिंगेश्वराचे हे देवस्थान नदीला अगदी लागून आहे. झाडी, खडकांतून वाट काढणारे पाणी आणि काठावरचे देऊळ यांमुळे खानापूरकरांची सुट्टीच्या दिवशीची ही आवडती जागा आहे. महाशिवरात्रीला इथे यात्रा भरते. शांतपणे नदी पाहायची असेल तर यात्रेचा दिवस सोडून जावे. लोकांची नदीशी असलेली जवळीक पाहायची असेल तर मात्र यात्रेलाच जावे.

वरच्या बाजूला जांबोटीच्या वाटेवर हब्बनहट्टी लागते. तिथला स्वयंभू मारुती थेट नदीच्या पात्रात आहे. पावसाने जोर धरला की पाणी पायऱ्या चढते, मग गाभाऱ्यात शिरते आणि देऊळ बुडते. मलप्रभेला पूर आला का, याचे या भागातले सगळ्यांना समजणारे उत्तर म्हणजे ‘मारुती पाण्याखाली गेला’ हे वाक्य. पाणी उतरल्यावर गाळ काढून पुन्हा पूजा सुरू होते. पुरात जाणारी जागा आहे हे ठाऊक असूनही कोणी देव तिथून वर हलवला नाही, आणि मला ते फार योग्य वाटते, कारण त्या देवाचे नदीशी असलेले नातेच त्याच्या भाविकांना महत्त्वाचे आहे. पाणी चढलेले असताना खडकांवर उतरण्याचे धाडस मात्र कोणीही करू नये. पात्रातले खडक शेवाळाने निसरडे होतात आणि वरच्या डोंगरात पडलेल्या पावसाचे पाणी बघता बघता वाढते.

जांबोटीच्या पुढे चोर्ल्याच्या वाटेवर कणकुंबी आहे. बेळगाव जिल्ह्यात सर्वाधिक पाऊस पडणाऱ्या ठिकाणांत तिची गणना होते. इथे माऊली देवीचे मंदिर आणि मलप्रभेचे उगमतीर्थ आहे. घाटाखालच्या गोव्यातही माऊली, सातेरी, रवळनाथ हीच दैवते गावोगावी दिसतात. राज्यांच्या सीमा बदलल्या तरी ग्रामदैवतांचे आणि सोयरिकींचे जाळे घाटाच्या दोन्ही बाजूंना पसरलेले राहिले, हे कणकुंबीत स्पष्ट दिसते. कळसा-भांडुरा प्रकल्पाचे नाव आपण वर्तमानपत्रांत वाचले असेल. म्हादईच्या खोऱ्यातले पाणी मलप्रभेकडे वळवण्याच्या या योजनेतला कळसा नाला इथलाच. म्हादई जलविवाद लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा दिला आणि त्यानंतर हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. मलप्रभेच्या खालच्या कोरड्या पट्ट्यातील शेतकऱ्याला पाणी हवे आहे, आणि गोव्याला मांडवीची काळजी आहे. दोघांच्याही चिंता खऱ्या आहेत. पण ज्या जंगलातून हे दोन्ही प्रवाह निघतात ते जंगल टिकले नाही तर वाटून घ्यायला पाणीच उरणार नाही, हे या भागात राहणाऱ्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

आता हलशी. हलशी मलप्रभेच्या काठावर नाही. खानापूरहून नंदगडमार्गे आत जावे लागते. पण नदीकाठच्या या प्रदेशाचा इतिहास विचारला असताना हलशी वगळली तर उत्तरच अपुरे राहील. तिचे प्राचीन नाव पलाशिका. बनवासीच्या कदंब राजघराण्याची ही दुसरी राजधानी. हलशीच्या परिसरात सापडलेले आणि १९व्या शतकात ब्रिटिश पुराभिलेखतज्ज्ञ फ्लीट यांनी वाचून प्रसिद्ध केलेले ताम्रपट पाचव्या-सहाव्या शतकांतले आहेत, आणि काकुस्थवर्मा, मृगेशवर्मा, रविवर्मा, हरिवर्मा या राजांची दाने त्यांत नोंदलेली आहेत. मृगेशवर्म्याने पित्याच्या स्मरणार्थ पलाशिकेत जिनालय, म्हणजे जैन मंदिर, बांधले आणि यापनीय, निर्ग्रंथ व कूर्चक या तीनही जैन पंथांच्या साधूंना भूमी दिली. रविवर्म्याच्या ताम्रपटातली तरतूद मला विशेष मोलाची वाटते. एका गावाच्या उत्पन्नातून दरवर्षी कार्तिकी पौर्णिमेपर्यंत चालणारा जिनेंद्राचा उत्सव व्हावा आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत तपस्व्यांचा निर्वाह चालावा, असे त्यात म्हटले आहे. चातुर्मासात साधूंनी एका जागी राहायचे हा जैन नियम सर्वत्रच आहे, पण खानापूर तालुक्यातला आषाढ-श्रावण ज्याने अनुभवला आहे, त्याला त्या चार महिन्यांच्या शिध्याची किंमत निराळ्याने कळते.

या आद्य कदंबांनंतर बदामीचे चालुक्य आले, आणि पुढे अकराव्या-बाराव्या शतकांत हलशीला पुन्हा वैभव आले ते गोव्याच्या कदंबांमुळे. चंद्रपूर, म्हणजे आजचे चांदोर, आणि नंतर गोपकपट्टण ही त्यांची समुद्राजवळची राजधानीची ठिकाणे, नार्व्याचा सप्तकोटीश्वर हे त्यांचे दैवत, आणि सिंह ही त्यांची राजमुद्रा. त्यांच्या राज्याचे दोन मुख्य भाग शिलालेखांत कोकण ९०० आणि पलसिगे (म्हणजे हलशी) १२,००० असे येतात; हे आकडे गावांच्या संख्येचे मानले जातात. सुरुवातीला मी जी पाणलोटाची धार सांगितली, तिच्या दोन्ही अंगांना एकाच घराण्याची सत्ता होती, ती या काळात. बंदरातली जकात आणि घाटावरची शेती एका हातात आल्यावर जी संपत्ती जमली, तिचे दगडातले रूप हलशीत उभे आहे.

ते रूप म्हणजे भूवराह नरसिंहाचे मंदिर. कदंब राजा शिवचित्त परमाडी आणि त्याचा भाऊ विष्णुचित्त विजयादित्य यांच्या काळातला शिलालेख इथे आहे. कलियुगाचे ४२७० वे वर्ष, म्हणजे इसवी सन ११६९-७०, त्यात येते, आणि मातयोगी नावाच्या योग्याने नरसिंहाची स्थापना केल्याची नोंदही त्यात आहे. मंदिराची रचना वेगळी आहे. दोन गाभारे समोरासमोर आहेत आणि मधल्या मंडपात उभे राहिले की एकीकडे विष्णूची बैठी मूर्ती व नरसिंहाचे स्थान, तर दुसरीकडे पुरुषभर उंचीचा भूवराह आणि त्याने उचललेली भूदेवी, अशी दोन्ही दर्शने घडतात. मंडपातले खांब चकचकीत, कातलेल्या लाकडी खांबांसारखे वळ्यावळ्यांचे आहेत. हात फिरवला तर दगडाचा गुळगुळीतपणा जाणवतो. बाहेर येऊन शिखराकडे मात्र सावकाश पाहावे. होयसळ मंदिरांसारखी मूर्तींची दाटी त्यावर नाही. एकावर एक लहान होत जाणारे आडवे थर, जवळजवळ साधे, आणि माथ्यावर कळस. ही पायऱ्यापायऱ्यांची शिखरे कदंब शैलीची खूण मानली जातात. अलंकार कमी असल्यामुळे अनेक जण ‘इथे विशेष काही नाही’ म्हणून अर्ध्या तासात निघून जातात, हे मला अन्यायाचे वाटते. एवढ्या पावसाच्या मुलखात पाणी झटकन उतरवणारी ही साधी शिखरे आठशेहून अधिक वर्षे उभी आहेत. गावात गोकर्णेश्वर, कपिलेश्वर, सुवर्णेश्वर, हाटकेश्वर ही जुनी देवळे आणि जैन बस्तीही आहे. निवांत वेळ काढून पायी फिरावे.

शिवचित्त परमाडीची राणी कमलादेवी हिने बांधवलेले कमलनारायण मंदिर कित्तूरजवळच्या देगावात आहे. म्हादईच्या उगमाकडचे देगाव निराळे आणि हे निराळे. वाट विचारताना कित्तूरचे नाव अवश्य घ्यावे, नाहीतर भलत्याच जंगलात पोहोचाल. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातले हे मंदिर हलशीच्या अगदी उलट स्वभावाचे आहे. लांबलचक मंडपाच्या मागे एका ओळीत तीन गाभारे आहेत, आणि छतावरची कमळे इतक्या नाजूक पाकळ्यांनी कोरलेली आहेत की मान दुखेपर्यंत पाहात राहावे. एकाच राजा-राणीच्या काळात एक मंदिर इतके संयमी आणि दुसरे इतके नटलेले कसे, हा प्रश्न दोन्ही पाहिल्यावर आपल्यालाही पडेल, म्हणून ती एकापाठोपाठ एक पाहावीत.

नंदगड हलशीच्या वाटेवरच आहे. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा विश्वासू सरदार संगोळ्ळी रायण्णा याला इंग्रजांनी २६ जानेवारी १८३१ रोजी नंदगडजवळ वडाच्या झाडाला फाशी दिले. त्याची समाधी इथे आहे. १८२४ चे कित्तूरचे युद्ध संपल्यावरही त्याने लढा चालू ठेवला होता, आणि लपण्यासाठी त्याला याच तालुक्यातल्या रानांचा आधार होता. मराठी आणि कन्नड बोलणारी माणसे तिथे सारख्याच आदराने माथा टेकतात.

भीमगडाबद्दल थोडक्यात लिहितो. म्हादईच्या खोऱ्यातला हा किल्ला शिवाजी महाराजांच्या काळाशी जोडलेला असून घाटवाटांवर नजर ठेवण्यासाठी त्याची जागा अचूक आहे. हा परिसर २०११ पासून अभयारण्य आहे, आणि तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत राहणाऱ्या अत्यंत दुर्मीळ वटवाघळांमुळे प्राणिशास्त्रज्ञांना त्याची ओळख आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जाऊ नये.

नदीच्या खालच्या अंगाला जाण्याची हौस असेल तर पुणे-बंगळूर महामार्गावर एम. के. हुबळी येथे मलप्रभेच्या पात्रातच बसवेश्वरांच्या पत्नी गंगांबिका यांचा ऐक्य मंडप, म्हणजे समाधिस्थान, आहे, पुढे सौंदत्तीला यल्लम्माचा डोंगर आणि नविलुतीर्थ येथील धरण आहे, आणि त्याहीपुढे भावे घराण्याच्या संस्थानाचे रामदुर्ग आहे. हीच नदी नंतर पट्टदकल आणि ऐहोळेजवळून वाहते.

प्रवासाचे म्हणाल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पहिल्या दिवशी सकाळी खानापूर, असोगा आणि दुपारी नंदगडमार्गे हलशी करावी; दुसऱ्या दिवशी हब्बनहट्टी, जांबोटी, कणकुंबी. कित्तूरचे देगाव तिसऱ्या दिवसासाठी ठेवावे, कारण ते दुसऱ्या दिशेला आहे. खानापूरपर्यंत बेळगावहून बस आणि रेल्वे दोन्ही मिळतात, पण हलशी आणि कणकुंबीच्या बाजूला बसफेऱ्या कमी आहेत. परतीची शेवटची बस किती वाजता आहे हे उतरतानाच वाहकाला विचारून ठेवावे, किंवा स्वतःचे वाहन घेऊन जावे. पावसाळ्यात जायचे असेल तर कणकुंबीचा रस्ता धुक्यात हरवलेला असतो, झाडे कोसळून वाट अडते आणि आतल्या कित्येक वाड्यांचा संपर्कच तुटतो, त्यामुळे त्या दिवसांत खानापूर आणि हलशीच्या पलीकडे जाऊ नये.